डायनॅमिक पानांचं कॅशिंग आपोआप सेट करायचं, पण कशाच्या भरवशावर?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत बसून मी आणि माझा एक सहकारी मिळून चौदा साइटी सांभाळतो. बातम्यांचं एक पोर्टल, दोन पतसंस्था, एक वधू-वर सूचक मंडळ, वडगावच्या साड्यांचं एक दुकान, बाकी शाळा आणि देवस्थानं. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे. पुढे एनजिन्क्स (वाचकांच्या मागण्या घेणारा वेब सर्व्हर, तयार पानांच्या प्रती साठवून म्हणजे कॅश करून तोच परत देतो), मागे पान तयार करणारं पीएचपी, आणि बहुतेक साइटी वर्डप्रेसवर.

गेल्या महिन्यात जे घडलं ते आधी सांगतो, प्रश्न त्यातूनच आलाय. वधू-वर मंडळाच्या साइटवरून खानापूर भागातल्या एका वडिलांचा फोन आला. ते म्हणाले, "मी मुलीच्या नावानं लॉगिन केलोय, पण वरती दुसऱ्याच घरचं नाव आणि नंबर दिसायलंय." मी जागेवरच कॅश बंद केली. लॉग तपासला तर अकरा मिनिटं एका कुटुंबाचं प्रोफाइल पान कॅशमध्ये बसून होतं आणि त्या वेळात लॉगिन केलेल्या चार जणांना ते दिसलं होतं. त्या कुटुंबाला आम्ही स्वतः फोन करून सगळं सांगितलं. मुलीच्या माहितीचा प्रश्न होता, लपवण्यासारखं काही नव्हतंच.

कारण साधं निघालं. उत्तरात सेट-कुकी हेडर (पानासोबत जाणारी, ब्राउझरमध्ये ओळखीची कुकी ठेवायला सांगणारी सूचना) असेल तर एनजिन्क्स ते पान मुळात साठवतच नाही. कॅश-कंट्रोल या साठवणुकीच्या हेडरमध्ये प्रायव्हेट किंवा नो-स्टोअर असेल तरीही नाही. पण बातम्यांच्या पोर्टलवर एक प्लगइन प्रत्येक पानाला विनाकारण कुकी लावत होतं, म्हणून काहीच कॅश होईना. तेव्हा मी इंटरनेटवर सापडलेली एक ओळ टाकली होती, ही दोन्ही हेडर दुर्लक्षित करा असं सांगणारी. पोर्टल एकदम पळायला लागलं. नंतर आम्ही सेटिंग "ऑटोमेट" केलं, म्हणजे एका स्क्रिप्टनं तीच फाइल चौदाही साइटींवर पाठवली. पोर्टलवर जी ओळ चालून गेली, तिनंच वधू-वर मंडळाच्या दाराची कडी काढली.

आता प्रश्न. चौदा साइटींची चौदा सेटिंगं हातानं लिहायला वेळ नाही, आणि हातानं लिहिलं तरी चुका होतातच. ऑटोमेशन हवंच आहे. पण पान साठवायचं की नाही आणि किती वेळ साठवायचं, हे ठरवायचं कुणी? तुम्ही कसं करता?

---

येळ्ळूरचा_विद्यार्थी

दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एक मूलभूत शंका विचारतो. डायनॅमिक पान म्हणजे दर वेळी नव्यानं तयार होणारं पान ना? मग ते कॅश कसं करायचं? फोटो, सीएसएस कॅश करतात हे माहीत आहे.

---

जांबोटीकर

चांगला प्रश्न. मी मूळचा जांबोटीचा, सध्या पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो.

पान दर वेळी नव्यानं तयार *होतं*, याचा अर्थ ते दर वेळी *वेगळं* असतं असा नाही. बातमीचं पान शंभर जणांनी उघडलं तर पीएचपी शंभर वेळा डेटाबेसला तेच विचारतं आणि शंभर वेळा तेच एचटीएमएल बनवतं. सेकंदाला ५० मागण्या येतायत असं धर. ते पान फक्त एक सेकंद साठवलं आणि एकाच पानासाठी एका वेळी एकच मागणी मागे जाऊ दिली (एनजिन्क्समध्ये त्यासाठी नव्या पानाला कॅश लॉक आणि शिळ्या झालेल्या पानाला "यूज स्टेल अपडेटिंग" अशी दोन सेटिंगं आहेत), तर पीएचपीवर सेकंदाला एकच मागणी पडते. बाकी ४९ जणांना पुढूनच उत्तर मिळतं आणि ते साधारण सेकंदभर जुनं असतं. याला मायक्रोकॅशिंग म्हणतात.

ही दोन्ही सेटिंगं विसरू नकोस. ती नसली तर साठवलेलं पान शिळं झाल्याक्षणी पन्नासच्या पन्नास मागण्या एकदम मागे धावतात आणि गर्दीच्या वेळी नेमका तेव्हाच डेटाबेस बसतो.

वार्निश या कॅश सर्व्हरचा जन्मही असल्याच गरजेतून झाला. नॉर्वेच्या 'व्हीजी' या वर्तमानपत्राच्या साइटसाठी पॉल-हेनिंग कॅम्प यांनी तो लिहिला, पहिली आवृत्ती २००६ ची. म्हणजे टिळकवाडीकरांच्या पोर्टलची जी अडचण, तीच त्यांची, फक्त कितीतरी मोठ्या आकाराची.

धागाकर्त्यांच्या प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो.

---

उद्यमबाग_फाउंड्री

मी एका फाउंड्रीत ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) बघतो. आमच्याकडे हे काम मी पूर्ण आपोआप केलंय, म्हणून लिहितो.

पायथनची एक स्क्रिप्ट रोज पहाटे ॲक्सेस लॉग वाचते. जास्त मागणी असलेली दोनशे पानं निवडते. ती पानं दिवसभर दर पाच मिनिटांनी मागवते आणि प्रत्येक उत्तराचा हॅश (मजकुरावरून निघणारा छोटा ठसा) काढून ठेवते. हॅश बदलला म्हणजे पान बदललं. कुठलं पान साधारण किती वेळानं बदलतं हे आठवडाभरात कळतं, आणि त्याच्या निम्मा वेळ कॅशची मुदत म्हणून सेटिंग फाइलमध्ये लिहिला जातो. माणसाचा हात कुठेच लागत नाही. सुट्या भागांच्या यादीचं पान दिवसातून एकदाच बदलतं हे मला स्वतःला माहीत नव्हतं, स्क्रिप्टनं शोधून दिलं.

टिळकवाडीकर, तुमची अडचण ऑटोमेशनची नाहीच. एका साइटीचं सेटिंग चौदांना चिकटवलं ही आहे. प्रत्येक साइटीला तिच्याच लॉगवरून शिकू द्या.

---

जांबोटीकर

उद्यमबाग, तुमची स्क्रिप्ट मला आवडली, आणि फाउंड्रीच्या आतल्या साइटीसाठी ती योग्यही असेल. पण वधू-वर मंडळाला ती लावू नये असं मी ठाम सांगतो. लॉगवरून पान किती वेळा मागितलं आणि किती वेळा बदललं एवढंच कळतं. पान कुणाचं आहे ते लॉगमध्ये लिहिलेलं नसतं. तुमची स्क्रिप्ट "माझं प्रोफाइल" हे पान लॉगिन न करता मागवणार आणि तिला दर वेळी तेच "कृपया लॉगिन करा" मिळणार. हॅश आठवडाभर तसाच. स्क्रिप्ट म्हणणार की हे फार स्थिर पान आहे, चांगलं तीन दिवस साठवा.

पत्त्याच्या शेपटीवरून ठरवणंही तितकंच धोक्याचं. ओमर गिल या संशोधकानं २०१७ मध्ये दाखवून दिलं की खात्याच्या पानाच्या पत्त्यापुढे नुसतं स्लॅश आणि काहीतरी डॉट सीएसएस जोडलं, तरी बरीच ॲप्लिकेशनं तेच खात्याचं पान देतात. कॅशला वाटतं ही सीएसएस फाइल, आणि ती साठवते. मग कुणीही तोच पत्ता उघडून दुसऱ्याचं खातं वाचू शकतो. "वेब कॅश डिसेप्शन" या नावानं शोधा.

म्हणून माझं मत असं. पान कुणाचं आहे हे फक्त ते तयार करणाऱ्या कोडला माहीत असतं, तेव्हा ते त्यानंच सांगावं. एचटीटीपीमध्ये त्याची सोय आहेच. पान सगळ्यांचं असेल तर पब्लिक आणि एस-मॅक्सएज (सगळ्यांसाठीच्या कॅशनं किती वेळ साठवायचं तो आकडा), एकाचं असेल तर प्रायव्हेट, कुठेच ठेवायचं नसेल तर नो-स्टोअर. आणि कोड काहीच बोलला नाही तर? कॅश करायचं नाही. ही शेवटची अट कुठल्याही साइटीवर सैल करू नका. चालू नियम आरएफसी ९१११ या इंटरनेट मानकात आहेत, २०२२ चा दस्तऐवज, आणि असल्या दस्तऐवजांच्या मानाने वाचायला सोपा.

मग ऑटोमेशननं काय करायचं? बरंच काही. मी असं करतो: प्रत्येक साइटीची एक छोटी यामल फाइल (सेटिंगांची साधी यादी) गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात. तिच्यात साइटीचं नाव, मागच्या सर्व्हरचा पत्ता, कॅशला किती जागा, कुठली कुकी दिसली की कॅश टाळायची (वर्डप्रेसला "वर्डप्रेस_लॉग्ड_इन"नं सुरू होणारी), आणि कुठले क्वेरी पॅरामीटर (पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे येणारे भाग) गाळायचे. एवढंच. त्यावरून अॅन्सिबल (सर्व्हरची सेटिंगं लावणारं साधन) एका टेम्प्लेटमधून एनजिन्क्सची फाइल बनवतं, एनजिन्क्सचीच तपासणी चालवतं, ती पास झाली तरच रीलोड करतं. हेडर दुर्लक्षित करायची ओळ टेम्प्लेटमध्ये नाहीच, आणि यामलमधून ती घालायला जागाही ठेवलेली नाही. कुणाला ती हवी असेल तर टेम्प्लेट बदलावं लागतं, आणि टेम्प्लेटमधला बदल दुसऱ्या माणसानं बघितल्याशिवाय जात नाही.

पोर्टलवर कुकी लावणारं प्लगइन होतं ना? ती दुरुस्ती प्लगइनमध्येच व्हायला हवी होती. कॅशच्या थरात तिला झाकलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

---

वेदगंगा_काठ

निपाणीहून लिहितोय. मीही एक छोटं बातम्यांचं पोर्टल चालवतो. वरची चर्चा "पान कुणाचं" यावर चाललीय, मला "पान किती वेळ खरं" यावर बोलायचंय.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर इथल्या कुणाला विसरता येणार नाही. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. त्या दिवसांत आमच्या साइटवर कधी नव्हे एवढी माणसं आली, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: रस्ता सुरू आहे काय? सर्व्हर टिकावा म्हणून मी मुख्य पानाची कॅश अर्ध्या तासाची करून ठेवली होती. बातमी आम्ही वेळेवर बदलली. पान मात्र बदललं नाही. रस्ता बंद झाल्यावरही पंचवीस मिनिटं आमच्या मुख्य पानावर "वाहतूक संथ गतीने सुरू" असंच दिसत होतं. कोल्हापूरकडून निघालेल्या एकाचा फोन आला, तुमचं वाचून निघालो म्हणाला. तो कागलच्या अलीकडेच थांबला होता, सुखरूप होता. पण तो फोन मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझ्यापुरता नियम केला. मुदतीचा अंदाज बांधायचा नाही, बातमी बदलली की पान काढून टाकायचं. वर्डप्रेसमध्ये पोस्ट सेव्ह झाल्यावर चालणारा हुक असतो, त्याला हे काम जोडलंय. अवघड भाग वेगळाच आहे. एक बातमी बदलली की *कुठली कुठली* पानं शिळी होतात? बातमीचं स्वतःचं पान, मुख्य पान, तालुक्याचं पान, "ताज्या बातम्या"चा डबा असलेलं प्रत्येक पान, आरएसएस. पत्त्यांची यादी करत बसलो तर एखादं राहतंच. म्हणून वार्निशवर गेलो आणि त्याचं एक्सकी मॉड्यूल लावलं. प्रत्येक पान जाताना हेडरमध्ये खुणा घेऊन जातं: ही बातमी, हा तालुका, हा विषय. "यमगर्णी-रस्ता" या खुणेची पानं काढ म्हटलं की ती खूण असलेली सगळी पानं एका फटक्यात जातात. खुणा टेम्प्लेटच लावतं, बातमीदाराला काही करावं लागत नाही.

एक मोठी चूक तेव्हा आणखी झाली होती ती सांगून ठेवतो. मी मॅक्स-एज (ब्राउझरनं पान साठवायची मुदत) सुद्धा अर्ध्या तासाचं दिलं होतं. सर्व्हरवरची कॅश आपल्या ताब्यात असते, वाचकाच्या फोनमधली नसते. तिकडे गेलेलं पान परत बोलावता येत नाही. म्हणून आता मॅक्स-एज शून्य आणि एस-मॅक्सएज मोठं. फोननं दर वेळी विचारायचं, आपण ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) बघून "बदललं नाही" म्हणजे ३०४ सांगायचं. डेटाही वाचतो.

---

उद्यमबाग_फाउंड्री

वेदगंगाभाऊ, वाचून अंगावर काटा आला.

जांबोटीकरांचं लॉगिनच्या पानाचं उदाहरण मी आज दुपारी आमच्याकडे तपासलं. "माझ्या ऑर्डरी" या पानाला स्क्रिप्टनं खरंच सव्वीस तासांची मुदत दिली होती. ॲप्लिकेशन प्रायव्हेट पाठवतंय म्हणून एनजिन्क्सनं ते साठवलं नाही, एवढ्यानं वाचलो. आता स्क्रिप्टला पानं *निवडायचा* अधिकार काढून घेतलाय. ॲप्लिकेशननं पब्लिक म्हटलेल्या पानांचीच मुदत ती सुचवते, आणि माणूस मंजूर करतो.

पण निव्वळ काढून टाकण्यावर भरवसा ठेवू नका असं माझंही सांगणं आहे. हुक कधी चालतच नाही, नेटवर्क तुटतं, प्लगइनच्या अपडेटनंतर हुकाचं नाव बदलतं. तेव्हा मुदत हवीच, दुसरा दोर म्हणून. वर्डप्रेसवाल्यांसाठी आणखी एक कारण: फॉर्ममध्ये जो नॉन्स (छुपी सुरक्षा-खूण) असतो तो १२ ते २४ तासच चालतो. पान त्याहून जास्त वेळ साठवलं की संपर्काचे फॉर्म गुपचूप नापास व्हायला लागतात आणि कुणी तक्रारही करत नाही, नुसते निघून जातात.

---

शहापूर_गल्ली

मी कॉलेजात नेटवर्क्स शिकवते. दोन गोष्टी, दोन्ही मराठी साइटींना थेट लागू पडणाऱ्या.

पहिली पत्त्यांची. देवनागरी पत्ता वाटेत टक्केवारीच्या चिन्हांत बदलतो, एका अक्षरचिन्हाची (काना-मात्राही वेगळी धरून) नऊ चिन्हं होतात. "बेळगाव" एवढ्या शब्दाची ५४. वर्डप्रेस स्लगला (शीर्षकावरून बनणाऱ्या पत्त्याच्या भागाला) २०० चिन्हांवर कापतं, म्हणजे जेमतेम बावीस अक्षरचिन्हं. "खानापूर तालुक्यात पाऊस" हे तीन शब्दच १८२ चिन्हं खातात. पुढे "थांबला" असो की "वाढला", पत्त्यात त्याचं पहिलं अक्षरच मावतं. तेही जुळलं तर वर्डप्रेस दुसऱ्या बातमीच्या स्लगला २ हा आकडा जोडतं, आणि दोन वेगळ्या दिवसांच्या बातम्यांचे पत्ते जवळजवळ सारखे दिसतात. पत्त्याच्या पॅटर्नवर नियम लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्याहून त्रासाचं म्हणजे वर्डप्रेस ही चिन्हं लहान इंग्रजी अक्षरांत (%e0) लिहितं, आणि वाचकानं देवनागरी पत्ता स्वतः टाकला किंवा पेस्ट केला तर ब्राउझर मोठ्या अक्षरांत (%E0). अर्थ एकच. पण एनजिन्क्सची कॅशची चावी (साठवलेली प्रत ओळखायची खूण) मुळात आलेल्या मागणीच्या जशाच्या तशा मजकुरावर बनते, त्यामुळे एकाच बातमीच्या दोन प्रती साठतात. एक काढली तरी दुसरी राहते! वेदगंगाभाऊ, तुमच्याकडे खुणेनं काढत असल्यामुळे हे दिसलं नसेल, पण पत्त्यानं काढणाऱ्यांच्या इथे हीच "कधी कधी जुनं दिसतं"वाली तक्रार असते. उपाय म्हणजे चावी उलगडलेल्या, सरळ केलेल्या पत्त्यावर बनवा, आणि फेसबुक-व्हॉट्सॲपच्या लिंकांना चिकटून येणारे मागोव्याचे पॅरामीटर गाळून टाका. मात्र पीएचपी त्याच एनजिन्क्सला थेट जोडलेलं असेल तर सांभाळा. आतल्या आत इंडेक्स डॉट पीएचपीकडे वळवल्यावर उलगडलेला पत्ता सगळ्या पानांचा एकच होतो, आणि मुख्य पान मागितलं की साड्यांचं पान येतं. पुढचा एनजिन्क्स निव्वळ प्रॉक्सी (मागणी मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा) ठेवा.

दुसरी गोष्ट चाचणीची. सेटिंगची तपासणी पास झाली म्हणजे व्याकरण बरोबर, एवढंच. मी मुलांना असं करायला लावते: दोन खोटी खाती, प्रत्येकाच्या नावात दुसरीकडे कुठेच नसलेला एकेक शब्द. पहिल्या खात्यानं साइटीतलं प्रत्येक पान उघडायचं. मग दुसऱ्यानं तीच पानं, मग लॉगिन नसलेल्यानं. पहिल्याचा शब्द दुसऱ्या कुणालाही दिसला तर बदल नामंजूर. उत्तरात कॅशची स्थिती सांगणारं हेडर लावा म्हणजे हिट (साठवलेलं) का मिस (नव्यानं आणलेलं) ते कळतं. सार्वजनिक पान दुसऱ्या वेळी हिट आलंच पाहिजे, हेही तपासा. नाहीतर काहीच कॅश न करणारं सेटिंग सगळ्या चाचण्या पास होतं.

---

टिळकवाडीकर

ताई, हे दोन खात्यांचं मी आजच लावायलोय. आमच्याकडे असतं तर त्या कुटुंबाची माहिती बाहेर गेलीच नसती.

पतसंस्थेच्या साइटीबद्दल एक शंका. ती मराठी, कन्नड, इंग्लिश अशा तिन्ही भाषांत आहे. ब्राउझरची भाषा बघून पान देतो, म्हणून व्हेरी हेडरमध्ये (कशावरून पान बदलतं ते कॅशला सांगणारं) ॲक्सेप्ट-लँग्वेज म्हणजे ब्राउझरची भाषा घातली होती. एकाच पानाच्या साठ-सत्तर प्रती साठल्या. भाषा तर तीनच आहेत!

---

जांबोटीकर

कारण ब्राउझर "मराठी" एवढंच पाठवत नाही. मराठी पहिली, मग इंग्लिश इतक्या पसंतीची, मग हिंदी, असा लांब मजकूर येतो आणि प्रत्येक फोनवर तो वेगळा. कॅश तो मजकूर शब्दशः ताडून बघते. एनजिन्क्सच्या मॅपनं त्याचं एमआर, केएन, ईएन यांपैकी एक करा आणि ते चावीत घाला, व्हेरी काढून टाका, मग तीनच प्रती राहतील. पण आपल्या भागासाठी खरं तर मी हे सुचवणार नाही. इथे कितीतरी घरांत फोन इंग्लिशमध्ये, वाचणं मराठीत आणि कचेरीतला अर्ज कन्नडात असतो. ब्राउझरवरून माणसाची भाषा ओळखायला जाऊ नका. तिन्ही भाषांना वेगळे पत्ते द्या, वर तीन बटणं ठेवा. माणूस आपणच निवडतो आणि व्हेरीची गरजच उरत नाही.

---

वेदगंगा_काठ

अनुमोदन. आमच्याकडेही वेगळे पत्तेच आहेत. आजोबा-आज्जींना लिंक पाठवली की जी भाषा पाठवली तीच उघडते, हे लोकांना आवडतं.

---

टिळकवाडीकर

पंधरा दिवसांनी परत लिहितोय. जुनी स्क्रिप्ट काढून टाकली. चौदा यामल फाइली, एक टेम्प्लेट. काहीच न सांगणारं पान कॅश होत नाही. पहिल्या दिवशी त्यामुळे नऊ साइटींवर कॅश जवळजवळ रिकामी होती, कारण कुठल्याच थीमनं कधी काही सांगितलेलंच नव्हतं. एकेक साइट घेऊन हेडर लावत गेलो. पोर्टल आणि साड्यांचं दुकान झालं. शाळांचं चालू आहे. वधू-वर मंडळात फक्त मुख्य पान आणि नियमांचं पान पब्लिक, बाकी सगळं नो-स्टोअर. ते थोडं सावकाश चालतं, चालू दे.

दोन खात्यांच्या चाचणीनं एका पतसंस्थेत आणखी एक जागा पकडली. पानाच्या डोक्यावरची "नमस्कार, अमुक" ही पट्टी सार्वजनिक पानातच छापली जात होती. ती आता वेगळ्या छोट्या मागणीतून येते, आणि तिला प्रायव्हेट आहे.

खोटी माहिती भरून टेम्प्लेट आणि एक नमुना यामल फाइल इथे टाकतो. कुणाला चूक दिसली तर जरूर सांगा.

---

येळ्ळूरचा_विद्यार्थी

दादा, तुमची फाइल घेऊन कॉलेजच्या प्रोजेक्टवर ताईंची चाचणी चालवली. दुसऱ्या खात्याला पहिल्याचा शब्द दिसला. दोन तास शोधलं. एनजिन्क्स बरोबर होतं. आमच्याच कोडमध्ये मार्कांचं पान रेडिसमध्ये (कोडची स्वतःची वेगळी कॅश) ठेवताना चावीत फक्त विषयाचा क्रमांक होता, विद्यार्थ्याचा नव्हता. आता घातलाय आणि चाचणी पास होतेय. रेडिससाठी वेगळी चाचणी लिहावी का? की पूर्ण पानावरची हीच पुरेल?

---

शहापूर_गल्ली

हीच ठेव. वाचकाला पान कुठल्या थरातून आलं ते माहीत नसतं, म्हणून चाचणीही बाहेरूनच हवी. फक्त दोन्ही खात्यांना तोच विषय दे, नाहीतर ही चूक परत आली तरी सापडायची नाही.